रत्नागिरीच्या घरापासून लंडनच्या दारापर्यंत : दूरच्या दोन शहरांमधील अंतर आणि विमानाचा वेळ कसा काढावा

‘लंडन इथून किती लांब आहे?’ या साध्या प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही खरी असतात. नकाशा पाहणारा सात हजार दोनशे किलोमीटर म्हणून सांगतो, तिकीट काढून देणारा पावणेदहा तास म्हणतो आणि नुकताच मुलाकडे जाऊन आलेला शेजारी मात्र ‘घरातून निघाल्यापासून पुरता एक दिवस आणि वर काही तास’ असे सांगून मोकळा होतो. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या माणसाला तिसऱ्या उत्तराची गरज सर्वांत जास्त असते. परंतु ते उत्तर पहिल्या दोहोंतूनच काढावे लागते. ते कसे काढावे, हे कोकणातून निघणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने येथे क्रमाने मांडले आहे. हिशेबासाठी वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढे साहित्य पुरते.

पहिली पायरी : सरळ रेषेतील अंतर

विमानाच्या तिकिटावर किंवा संकेतस्थळावर जे अंतर दिसते ते एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचे, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर असते. रस्त्याच्या अंतराशी त्याचा संबंध नसतो आणि कोकणात तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा असतो. रत्नागिरी साधारण १७.० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबईचा विमानतळ १९.१ अंश उत्तर आणि ७२.९ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे उत्तर-दक्षिण फरक २.१ गुणिले १११, म्हणजे २३३ किलोमीटर होतो. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाताना आखूड होत जातो. आपल्या पट्ट्यात तो सुमारे १०६ किलोमीटर भरतो, म्हणून पूर्व-पश्चिम फरक ०.४ गुणिले १०६, म्हणजे ४२ किलोमीटर येतो. या दोन्ही संख्यांचे वर्ग करून त्यांची बेरीज घ्यावी आणि वर्गमूळ काढावे. उत्तर येते सुमारे २३७ किलोमीटर. त्याच मुंबईला महामार्गाने जाताना सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर मोजावे लागतात, कारण घाट, खाड्या आणि वळणे यांना सरळ रेषेचे गणित मान्य नसते.

ज्यांच्या घरात कोणी बोटीवर नोकरीला आहे त्यांना हे गणित सोपे जाईल. समुद्री मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, अर्थात १.८५२ किलोमीटर. विमान चालवणारेही अंतर समुद्री मैलांत आणि वेग नॉटमध्येच, म्हणजे तासाला किती समुद्री मैल अशाच रीतीने मोजतात.

मात्र पाच-सातशे किलोमीटरच्या पुढे ही सपाट कागदावरची रीत चुकू लागते, कारण पृथ्वी गोल आहे. त्यासाठी घरातला शाळेचा पृथ्वीगोल काढावा, एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून तो ताणावा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही वाट अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून अटलांटिकवर सरळ पश्चिमेला जाईल असे वाटते. दोरा मात्र उत्तरेकडे झेपावतो, कझाकस्तान आणि रशियावरून स्कँडिनेव्हियाकडे जातो आणि आइसलँडच्या बाजूने कॅनडात उतरून न्यूयॉर्कला पोचतो. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीगोल नसेल तर संगणकावर गूगल मॅप्स उघडून एका शहरावर उजवे बटण दाबावे, अंतर मोजण्याचा पर्याय निवडावा आणि दुसऱ्या शहरावर टिचकी मारावी. उमटणारी वाकडी रेघ ही त्याच दोऱ्याची रेघ असते.

कोकणातील माणसांची वर्दळ जिथे जास्त असते अशा काही ठिकाणांची मुंबईपासूनची अंतरे लक्षात ठेवण्यासारखी आहेत : दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दोहा २,२९०, कुवेत २,७६०, सिंगापूर ३,९००, लंडन ७,२०० आणि न्यूयॉर्क १२,५५०. दिल्ली तुलनेने जवळ, १,१४० किलोमीटरवर आहे.

दुसरी पायरी : अंतरावरून वेळ

मोठे जेट विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवर ताशी साधारण ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. परंतु धावपट्टीकडे रांगत जाणे, चढणे, उतरणे आणि उतरल्यावर पुन्हा दारापर्यंत येणे यांत हा वेग मिळत नाही. म्हणून किलोमीटरला ८५० ने भागावे आणि आलेल्या तासांत पाऊण तास मिळवावा. कुवेतसाठी २,७६० भागिले ८५० म्हणजे सव्वातीन तास, अधिक पाऊण तास, मिळून चार तास. वेळापत्रकातला वेळही साधारण चार ते सव्वाचार तासांचा असतो. दिल्लीला याच रीतीने दोन तासांच्या आसपास उत्तर येते. लंडनसाठी सव्वानऊ तास येतात आणि वेळापत्रकात जाताना बहुधा पावणेदहा ते दहा तास दिसतात. हा फरक हिशेबाच्या चुकीचा नाही, वाऱ्याचा आहे.

विमाने ज्या उंचीवर उडतात तिथे समशीतोष्ण पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. लंडनला जाणाऱ्या विमानाला हा वारा समोरून मिळतो आणि परतीच्या विमानाला पाठीमागून, त्यामुळे एकाच अंतराला जाताना पावणेदहा तास आणि येताना नऊ तास लागतात. होडीवाल्याला हे सांगायला नको. भरतीबरोबर खाडीत शिरणे आणि ओहोटीविरुद्ध वल्हवणे यांतला फरक तो रोज भोगतो.

दुसरे कारण आकाशातल्या बंद वाटांचे. एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली की विमानाला वळसा घालावा लागतो. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती आणि २४ एप्रिल २०२५ पासून ती भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद करण्यात आली. याचा चटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अधिक बसतो, तर मुंबईहून निघणारे विमान थेट अरबी समुद्रावर जात असल्याने त्याला तुलनेने कमी. म्हणूनच मागच्या वर्षी एखाद्याला किती तास लागले, यावर विसंबू नये. आपल्या तिकिटावरचा वेळच प्रमाण मानावा.

छोट्या विमानांना वरचे सूत्र लागू पडत नाही. पंख्यांच्या एटीआर जातीच्या विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे सिंधुदुर्गातील चिपी ते मुंबई या सुमारे ३५० किलोमीटर अंतराला सव्वा तास धरावा.

तिसरी पायरी : तिकिटावरची घड्याळे वाचणे

नवखा प्रवासी सर्वांत जास्त येथे अडखळतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचावी. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहरातली असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहरातली असते. दोन वेगवेगळ्या घड्याळांवरच्या वेळा असल्याने त्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही.

एक नमुना घेऊ. मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान उन्हाळ्यात लंडनला सायंकाळी ६.१५ वाजता उतरते असे तिकिटावर आहे. वजाबाकी केली तर सव्वापाच तास येतात आणि लंडन इतके जवळ कसे, असा प्रश्न पडतो. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या मागे साडेचार तास असते. म्हणजे मुंबईत दुपारचा १ वाजतो तेव्हा लंडनमध्ये सकाळचे साडेआठ वाजलेले असतात आणि साडेआठपासून सव्वासहापर्यंत पावणेदहा तास होतात. तोच खरा उड्डाणाचा वेळ. परतीचे विमान लंडनहून रात्री ८.३० ला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला पोचते. ते साडेतेरा तास वाटतात, परंतु खरे नऊच असतात.

ज्यांना कोणता देश किती तास मागे हे आठवत नाही त्यांच्यासाठी एक युक्ती आहे आणि ती मला कोणत्याही सूत्रापेक्षा भरवशाची वाटते. जाण्याचा दिसणारा वेळ आणि येण्याचा दिसणारा वेळ यांची बेरीज करावी : सव्वापाच अधिक साडेतेरा, म्हणजे पावणेएकोणीस तास. त्याच्या निम्मे सुमारे नऊ तास बावीस मिनिटे. घड्याळांतला फरक जाताना जितका वजा होतो तितकाच येताना मिळत असल्याने बेरजेत तो आपोआप नाहीसा होतो आणि एका फेरीचा सरासरी खरा वेळ हाती येतो. ही युक्ती दोन्ही फेऱ्या थेट विमानाच्या असतील तेव्हाच वापरावी.

घड्याळांचा फरक सूर्यावरून काढू गेल्यास फसगत होते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. मुंबई आणि दुबई यांच्या रेखांशांत सुमारे साडेसतरा अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सत्तर मिनिटे. घड्याळातला फरक मात्र दीड तासाचा आहे, कारण प्रमाणवेळ सरकारे ठरवतात. आपली प्रमाणवेळही ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, त्यामुळे रत्नागिरीचा सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३७ मिनिटे मागे चालतो. कुवेत, दोहा आणि रियाध आपल्या मागे अडीच तास, दुबई आणि मस्कत दीड तास, आणि सिंगापूर आपल्या पुढे अडीच तास, हे पाठच करावे. आखाती देशांत हे फरक वर्षभर कायम राहतात. ब्रिटनमध्ये मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे केली जातात, म्हणून हिवाळ्यात तोच फरक साडेपाच तासांचा होतो. त्या दोन रविवारांच्या आसपास प्रवास किंवा फोन करायचा असेल तर वेळ पुन्हा पाहून घ्यावी.

आता तारखेविषयी. आखातात जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि मध्यरात्रीनंतर तारीख बदललेली असते. आमच्याच घरातली गोष्ट आहे. मामांच्या कुवेतच्या तिकिटावर १४ तारीख आणि ००.५० ही वेळ छापलेली होती. सर्वांनी १४ तारखेची रात्र धरली आणि रेल्वेचे आरक्षणही त्याप्रमाणे १४ च्या पहाटे मुंबईत पोचण्याचे केले. १३ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मी ओसरीवर खोक्याला सुतळी आवळत होतो आणि खोक्यावर पत्त्याबरोबर विमानाचा क्रमांक लिहावा म्हणून तिकीट हातात घेतले. ‘शून्य शून्य पन्नास’ हे शब्द मोठ्याने वाचल्यावर लक्षात आले की ती वेळ त्याच रात्रीची आहे. सुतळी तशीच टाकली, अर्ध्या तासात गाडी ठरवली, भाडे सांगितले ते मान्य केले आणि हातखंब्याहून महामार्गाला लागलो. मामा रात्री नऊच्या आत मुंबईच्या सहार विमानतळावर पोचले. अर्धवट बांधलेले खोके मात्र ओसरीवरच राहिले. तेव्हापासून घरात नियम आहे की ००.०० ते ०५.०० यांमधील वेळ दिसली की आदल्या तारखेला कॅलेंडरवर गोल करायचा आणि ‘आज रात्री जेवून निघणे’ असे शब्दांत लिहायचे.

तेच विमान कुवेतला ०२.३० ला उतरते असे तिकिटावर होते. वरच्या रीतीने हिशेब केला तर मुंबईचे ००.५० म्हणजे कुवेतचे आदल्या दिवशीचे रात्रीचे १०.२० आणि तिथून ०२.३० पर्यंत चार तास दहा मिनिटे होतात. उलट बाजूने येताना पोचण्याच्या वेळेपुढे ‘अधिक १’ असे छापलेले दिसल्यास विमान दुसऱ्या दिवशी उतरते असे समजावे. न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला तीच तारीख सांगावी.

चौथी पायरी : थेट विमान की मध्ये थांबा

लंडनला थेट न जाता दोह्यावरून गेल्यास २,२९० आणि ५,२४० मिळून सुमारे ७,५३० किलोमीटर होतात. अंतर केवळ सव्वातीनशे किलोमीटरने वाढते, म्हणजे रत्नागिरी ते मुंबईच्या रस्त्याएवढेच. वेळ मात्र थांब्याचे दोन-चार तास आणि दुसरे चढणे-उतरणे धरून बराच वाढतो. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे शब्द एक नाहीत हेही ध्यानात ठेवावे. डायरेक्ट विमानाचा क्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो, परंतु ते मध्ये उतरू शकते.

थांब्याचे तिकीट घ्यायचेच असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असावेत. तसे असले तर पहिले विमान उशिरा पोचल्याने दुसरे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते आणि सामानही सामान्यतः शेवटच्या शहरापर्यंत लावून मिळते. स्वस्त पडते म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे जोडणाऱ्या नवख्या प्रवाशाला मी तरी तसे करू नये असेच सांगेन. वयस्कर माणूस एकटा जाणार असेल तर दोन-तीन हजार रुपये वाचवण्यापेक्षा थेट, म्हणजे नॉनस्टॉप विमान घ्यावे आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी.

पाचवी पायरी : कोणता विमानतळ

दक्षिण कोकणातल्या माणसापुढे आता एकाहून अधिक पर्याय आहेत. चिपीहून ९ ऑक्टोबर २०२१ पासून विमानसेवा सुरू झाली, परंतु तिथली उड्डाणे मोजकी आणि बदलती राहिली आहेत, म्हणून पुढचे आंतरराष्ट्रीय विमान तिच्या भरवशावर जोडू नये. गोव्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली आणि बांदा-सावंतवाडीच्या लोकांना तो अगदी शेजारचा झाला आहे. तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी संकेत पाहावा : मोप्याचा जीओएक्स आणि गोव्याच्याच जुन्या दाबोळी विमानतळाचा जीओआय. दोन्ही तिकिटांवर ‘गोवा’च छापलेले असते, सरळ रेषेत ते एकमेकांपासून सुमारे ४० किलोमीटरवर आणि रस्त्याने त्याहून बरेच लांब आहेत. मुंबईबाबतही आता हीच काळजी घ्यावी लागेल, कारण पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे. तिकिटावर बीओएम असेल तर मुंबई आणि एनएमआय असेल तर नवी मुंबई. जुन्या विमानतळावरील आंतरराष्ट्रीय विमाने सहारच्या टर्मिनल दोनवरून सुटतात.

सहावी पायरी : घरापासून घरापर्यंतचा हिशेब

हा हिशेब उलट्या दिशेने करावा, म्हणजे विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मागे यावे. दुपारी १ चे लंडनचे विमान धरू. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी, म्हणजे सकाळी १० वाजता विमानतळावर असावे. विमान सुटण्यापूर्वी साधारण तासभर आधी सामान घेणारी खिडकी बंद होते आणि मग विनंतीचा उपयोग होत नाही. ठाण्याला किंवा दादरला उतरून सहारला पोचायला दीड-दोन तास राखून ठेवावेत. रात्रीच्या कोकणकन्येने आलेला माणूस पहाटे उतरतो, त्यामुळे गाडी दोन तास रखडली तरी विमान चुकत नाही. हीच मोकळीक महत्त्वाची आहे. सकाळच्या विमानासाठी मात्र आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू असते. दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि बऱ्याच स्थानकांवरच्या वेळा बदलतात, म्हणून मे महिन्यात पाहिलेली वेळ जुलैत धरू नये. गणपतीच्या आधीचे आणि विसर्जनानंतरचे चार-पाच दिवस महामार्गावर किती तास जातील हे कोणीच सांगू शकत नाही. त्या दिवसांत परतीचे तिकीट असेल तर पूर्ण एक दिवस आधी मुंबई गाठावी.

आता बेरीज. रत्नागिरीचे घर रात्री १० वाजता सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला विमान उडाले, तोवर पंधरा तास गेले. पावणेदहा तास आकाशात. हीथ्रोला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान आणि बाहेर पडणे यांत दीड तास आणि शहरातल्या घरापर्यंत आणखी एक तास. एकूण सव्वासत्तावीस तास झाले. यांत विमानातला वेळ एक तृतीयांशाहून थोडाच अधिक आहे, आणि एवढ्या वेळात सात हजार दोनशे किलोमीटर झाले. उरलेल्या साडेसतरा तासांत साडेतीनशे-चारशे किलोमीटर. त्यामुळे अर्धा तास लवकर पोचणारे विमान शोधण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा रत्नागिरी ते सहार हा टप्पा नीट आखण्यात ती घालवावी.

निघण्याच्या आदल्या दिवशी एका कोऱ्या कागदावर फक्त पाच ओळी लिहाव्यात : घर सोडण्याचा वार, तारीख आणि वेळ, रेल्वेचा डबा आणि आसन, विमानतळाचे नाव आणि टर्मिनल, विमान सुटण्याची भारतीय वेळ, आणि पोचण्याची तिथली वेळ, तिच्यापुढे कंसात भारतीय वेळ. या कागदाची एक प्रत प्रवाशाच्या खिशात आणि दुसरी घरात फोनशेजारी लावावी. वरच्या नमुन्यात लंडनची सायंकाळी सव्वासहाची वेळ म्हणजे आपल्याकडची रात्रीची पावणेअकरा. बाहेर पडून फोन लावेपर्यंत सव्वाबारा वाजतील. घरच्यांना ती वेळ आधीच सांगून ठेवावी, म्हणजे साडेनऊपासून कोणी फोनकडे डोळे लावून बसणार नाही.